उतारावरचा ट्रॅक्टर

आमच्या गावातला ट्रॅक्टर मी लहानपणापासून कधी सपाटीवर उभा पाहिला नाही. घरामागच्या चढावर, मागच्या चाकाखाली दगड. सकाळी आजोबा दगड काढायचे, सीटवर चढायचे, ट्रॅक्टर घरंगळायला लागला की क्लच सोडायचे. दोन गचके, काळा धूर, आणि इंजिन सुरू. शेतात बंद पडला तर चार माणसं ढकलायला. त्याला सेल्फ, म्हणजे स्टार्टर, नव्हताच.

गेल्या पावसाळ्यात दगड काढताना आजोबांचा पाय घसरला. चाक त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेलं. बाबा म्हणाले, दिवाळीपर्यंत सेल्फ बसवा, नाहीतर भंगारात घाला. आजोबा काहीच बोलले नाहीत. मी पुण्यात बसून कोड लिहिणारा माणूस. मला वाटलं, एक पार्ट शोधायचा आहे, ऑनलाइन मिळेल.

इंजिन सुरू करणं हा प्रश्न इंजिनाइतकाच जुना आहे. इंजिन स्वतःहून पहिला श्वास घेऊ शकत नाही, कुणीतरी ते आधी फिरवावं लागतं. सुरुवातीला ते काम माणसाचा हात करायचा. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मनगटावर यायचं. मनगटाजवळच्या एका फ्रॅक्चरला इंग्रजी वैद्यकात आजही ‘शोफरचं फ्रॅक्चर’ म्हणतात, ते त्यामुळेच. आमच्या आजोबांचं उजवं मनगट किंचित वाकडं आहे. विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल.

डिझेलचं काम आणखी अवघड. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबावी लागते की ती तापून डिझेल पेटेल. म्हणून हात जड पडतो. जगभरच्या ट्रॅक्टरवाल्यांनी यावर काय काय केलं ते वाचताना मी रात्री जागलो. जर्मनीच्या लान्झ बुलडॉगचं डोकं आधी ब्लो-लॅम्पने तापवायचं, मग स्टीअरिंगच दांड्यासकट उपसून बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये घालून फिरवायचं. इंग्लंडच्या फील्ड मार्शलमध्ये बंदुकीसारखं काडतूस घालून वर हातोडा मारता यायचा. कॅटरपिलरने मोठं डिझेल इंजिन सुरू करायला शेजारी छोटं पेट्रोल इंजिन बसवलं. इंटरनॅशनलचे काही ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू व्हायचे आणि मग डिझेलवर जायचे.

विजेचा उपाय मोटारगाडीतून आला. चार्ल्स केटरिंग आधी कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला छोटी मोटर क्षणभर जोर लावते, हे त्याने तिथे पाहिलं होतं. इंजिन फिरवायला इंजिनाएवढी मोटर लागेल, असं बाकीच्यांना वाटत होतं. केटरिंगचं म्हणणं, मोटरने दिवसभर कुठे चालायचंय? काही सेकंद तिच्याकडून कुवतीबाहेरचं काम करून घ्या. १९१२ च्या कॅडिलॅकवर त्याचा सेल्फ आला.

ही मोटर छोटी असूनही पुरते ती दातांमुळे. तिच्या टोकाच्या पिनियनला नऊ-दहा दात आणि फ्लायव्हीलवरच्या रिंगला शंभराच्या वर. म्हणजे मोटरचे दहा-बारा फेरे, तेव्हा इंजिनाचा एक. पण इंजिन सुरू झाल्यावर हेच गणित उलटं होतं. ते मिनिटाला हजार फेरे घेऊ लागलं, तर पिनियन दहा-बारा हजार घेईल आणि मोटर फुटेल. म्हणून पिनियन वेळेत मागे यावी लागते. आट्यांवरून पिनियन पुढे-मागे सरकवणारी युक्ती व्हिन्सेंट बेंडिक्सच्या नावाने प्रसिद्ध झाली. आपले मिस्त्री आजही त्या भागाला ‘बेंडिक्स’च म्हणतात. त्यांच्यातल्या अनेकांना ते माणसाचं आडनाव आहे हे माहीत नसेल. मलाही नव्हतं.

आता आमचा घोटाळा. ट्रॅक्टर महिंद्राचा जुना बी-२७५. इंटरनॅशनलच्या ब्रिटनमधल्या मॉडेलवरून आलेला, इंचाच्या मापांचा. वीसेक वर्षांपूर्वी ब्लॉकला तडा गेला, तेव्हा गावच्या मिस्त्रीने दुसऱ्याच ट्रॅक्टरचं मेट्रिक इंजिन जाड पाटा घालून बसवलं. क्लच जुळावा म्हणून फ्लायव्हील मात्र जुनंच ठेवलं. इंजिनाची अशी अदलाबदल काही फक्त आपल्याकडचा जुगाड नव्हे. फोर्डसन मेजरमध्ये १९४८ पासून पर्किन्सचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिळायचं.

मी आधी इंजिनाचा सेल्फ आणला. दात बसत नव्हते. इंचाच्या मापात आठ पिचच्या दोन दातांमधलं अंतर साधारण ९.९७ मिलिमीटर, मेट्रिक तीन मॉड्यूलमध्ये ९.४२. अर्ध्या मिलिमीटरने सगळं अडलं. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक स्वीकारलं, पण आमच्या ट्रॅक्टरच्या पोटात दोन्ही राज्यं अजून नांदत होती.

मग मूळ ट्रॅक्टरचा सेल्फ आणला. दात जुळले. पण त्याच्या जागेवर आता नव्या इंजिनाचा डिझेल पंप होता. म्हणून तो मागून, गिअरबॉक्सच्या बाजूने बसवायचं ठरलं. सांगलीच्या वाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी तो जमिनीवर ठेवून बॅटरी लावली आणि हसले. “आरं, तोंड फिरवलंस तर ह्यो उलटा फिरणार की.”

मी आत्मविश्वासाने म्हणालो, “मग वायरी उलट्या लावा ना.”

त्यांनी लावल्या. सेल्फ पुन्हा त्याच दिशेने फिरला.

चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या मला त्यांनी शांतपणे समजावलं. यात कायमचे चुंबक नसतात. फील्डच्या कॉइल आणि आर्मेचर एकाच ओळीत जोडलेले असतात. बाहेरून वायरी बदलल्या की दोघांतला प्रवाह एकदमच उलटतो आणि दिशा तीच राहते. उलटायचं तर आतलं, एकाचंच उलटायचं. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो, मार्कही मिळाले होते.

त्यांनी फील्डची जोडणी आतून बदलली. बेंडिक्सच्या आट्याही उलट्या हव्या होत्या. तो भंगारातल्या एका जुन्या सेल्फमधून निघाला, इंचाच्या दातांचा. पिनियन ज्या बाजूने शिरते तिकडचे रिंगचे दात घासून तिरपे केलेले असतात, म्हणून रिंग तापवून काढली आणि पालटून बसवली. पाट्याला भोक पाडायला लेथवाल्याने अर्धा दिवस घेतला. सगळ्याला पाच आठवडे गेले.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आजोबांनी बटण दाबलं. सेल्फ ओरडला, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. आजोबांनी बंद केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा लागलं. असं चार वेळा. बाबा म्हणाले, बॅटरी उतरेल.

संध्याकाळी शेतातून आल्यावर पाहिलं, तर ट्रॅक्टर चढावरच उभा होता, चाकाखाली दगड.

“आता कशाला?” मी विचारलं.

“आसू दे,” आजोबा म्हणाले. “उद्या दगड तू काढ. बटण मी दाबतो.”