कोसबाडची टेकडी आणि आमची अंगणवाडी

महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या आम्हा लोकांची एक समजूत असते, ती अशी की विद्यार्थी म्हणजे आमच्यापुढे बाकावर येऊन बसतो तो. वस्तुतः अनेक चाळण्यांतून निसटत न जाता जे उरले, तेच आमच्यापर्यंत पोचतात. जे गळाले त्यांची मोजदाद आम्ही कधी केली नाही. आणि केलीच तर ‘मूल ढ होते’ एवढ्या निदानावर आमचे समाधान झाले. हे निदान उलटे करून ‘मूल नापास झाले की शाळा?’ असा प्रश्न ज्यांनी आपल्या सबंध आयुष्याने विचारला, त्या अनुताई वाघ यांच्या कार्याचे स्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावी झाला. (आमच्या अर्जुनी-मोरगावाशी या गावाचे केवळ नामसादृश्य.) तेराव्या वर्षी विवाह व अवघ्या काही महिन्यांत वैधव्य, ही त्या काळच्या असंख्य मुलींची कथा त्यांच्याही वाट्याला आली. परंतु त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी करीत असता रात्रशाळेत जाऊन त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली, आणि पदवी तर १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मिळविली. शिक्षणाच्या दारात तिष्ठत राहणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

१९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला, तेव्हा अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासात तयार झालेल्या. माँटेसरीबाईंची पद्धती त्यांनी मनोभावे स्वीकारली होती. पण तिची महागडी साधने खेड्याच्या आवाक्याबाहेरची आहेत, हे ओळखण्याइतकी त्यांची दृष्टी स्वतंत्र होती. शंखशिंपले, गारगोट्या, बिया, पाने हीच मग साधने झाली.

तथापि खरी कसोटी पुढेच होती. आदिवासींची मुले शाळेकडे फिरकत ना. म्हणून १९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ गेले. मूल बालवाडीत का येत नाही? तर नाही आले की घरच्या अंगणातच बालवाडी भरवावयाची. मोठी बहीण का येत नाही? तर कडेवर धाकटे भावंड आहे. मग पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणावयाची. मुलगा का येत नाही? तर तो गुरांमागे गेला आहे; मग शिक्षकानेच कुरणात जावयाचे. ही कुरणशाळा ऐकावयास गंमतीची वाटते, परंतु तिच्यात शिक्षणशास्त्राचे एक मोठे तत्त्व साठविलेले आहे: अडचण मुलात शोधू नये, व्यवस्थेत शोधावी. मुलांना न्हाऊमाखू घालणे आणि त्यांची वारली बोली आपण शिकणे, हेही याच तत्त्वाचे आचरण होय.

ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, हे व्रत चालविले. त्यांस पद्मश्री मिळाली. पण त्यांचे खरे स्मारक वेगळेच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर खेडोपाडी गेला. देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीतील मायबहिणींच्याही तोंडी तो आज सहज बसलेला आहे. परंतु अंगणात शाळा नेण्यामागची तळमळ त्या शब्दाबरोबर आमच्याकडे कितपत आली?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. येथे घरी गोंडी बोलणारे मूल शाळेत पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसते. आणि गप्प बसणाऱ्यास मंद समजण्याची आमची खोड जुनी आहे. ज्याला कमी ऐकू येते, ज्याला फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत, तेही त्याच मागच्या बाकावर, त्याच शिक्क्याखाली जाऊन बसते. तीन मुलांची तीन निराळी दुःखे. निदान मात्र एकच! रोवणीच्या दिवसांत भावंडे सांभाळण्यास घरी राहिलेली मुलगी तर हजेरीपुस्तकातील एक रिकामी चौकट होऊन उरते.

२००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला; २०१६ च्या कायद्याने दिव्यांग बालकांचा अधिकार अधिक स्पष्ट केला. हे इष्टच झाले. परंतु कायदा शाळेचे दार उघडे ठेवू शकतो. मूल का आले नाही, हे पाहण्यास दाराबाहेर पाऊल टाकणे त्याला साधत नाही. ते पाऊल शिक्षकानेच टाकावे लागते. कोसबाडच्या टेकडीवरून दोन स्त्रियांनी ते टाकले. गळालेल्यांचा हिशेब न ठेवणाऱ्या आम्हा अध्यापकांना, निदान उतारवयात तरी, त्याची लाज आणि स्फूर्ती दोन्ही वाटावी, एवढीच इच्छा.