एक घर, दोन पत्ते : नवागाममधल्या खानदेशी कुटुंबांची कागदपत्रांची गोष्ट

मंडळी, नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात आज आपली पक्की घरं आहेत. पण आधीच्या पिढीनं कागदांसाठी केलेली धावपळ पोराबाळांना माहीत नाही. ती लिहून ठेवायला हवी.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीनं उधन्याला उतरली आणि लूमच्या खात्यात कामाला लागली. १९६० साली दोन राज्यं झाली. गाडी तीच राहिली, पण नवापूर ओलांडलं की सरकार बदलायचं. रेशनकार्ड गावचं आणि भाड्याची खोली सुरतची. नाव तर एकाच कार्डावर राहणार. इथलं कार्ड काढायचं तर गावाकडून नाव कमी केल्याचा दाखला हवा, शिवाय राहण्याचा पुरावा. आणि घरमालक भाडेपावती देईना.

मग घरंच वाटली गेली. म्हातारी माणसं गावी, कार्ड त्यांच्यापाशी. तिकडचे गहू-तांदूळ पिशवीतून इकडे. सून बाळंतपणाला माहेरी गेली की नाव तिथल्या अंगणवाडीत, परतली की इथं पुन्हा पहिल्यापासून नोंद. पोरं महापालिकेच्या मराठी शाळेत. दुपारचं जेवण तिथंच.

आजारपणात गुंता वाढायचा. २०१२ मध्ये गुजरातनं ‘मा’ योजना आणली. त्याच वर्षी महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, धुळे जिल्हा पहिल्याच टप्प्यात. तिला पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. म्हणजे गावचं नाव काढलं तर तिकडचा इलाज गेला. ठेवलं तर सुरतेत स्वस्त धान्य नाही. लोक म्हणायचे, “हे दोन्हीकडून खातात.” अहो, दोन्हीकडची अर्धी-अर्धी भाकर जोडून एक करायची धडपड होती ती!

९ ऑगस्ट २०१९ ला कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायची सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या दोन जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. अन्नसुरक्षेच्या कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो धान्य. अंगठा लावून थोडं इथं घ्या, उरलेलं गावी घरचे घेतील. आपल्या आयाबायांनी पिशव्या वाहून जे केलं, तेच सरकारनं उशिरा मान्य केलं.

आता घरमालक आपण आहोत. वरच्या खोलीत नवं कुटुंब येतं, कुणी शिरपूरचं, कुणी ओडिशाचं. इथली बाकीची कागदपत्रं आजही राहण्याच्या पुराव्यावरच अडतात. त्यांनी भाडेपावती मागितली तर नाही म्हणू नका.