रस्ता कोणाचा?

सरकारदरबारी दाद लागत नसेल तर रस्ता अडवावा काय, हा प्रश्न हल्ली आपल्या ज्ञातीच्या तरुण मंडळींतही वरचेवर निघतो. त्याचे उत्तर आवेशापेक्षा इतिहासाकडे मागावे, असे आम्हांस वाटते.

त्रावणकोर संस्थानातील वायकोम येथे महादेवाच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून अवर्ण मानलेल्या जातींच्या लोकांस चालण्याची बंदी होती. ३० मार्च १९२४ रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या दिवशी पुलय, ईळव व नायर अशा तीन जातींचे तीन तरुण बंदीच्या फलकापुढे गेले आणि शांतपणे अटक झाले. पुढे सरकारने अटक थांबवून रस्त्यावर अडसर उभारले. तेव्हा सत्याग्रही अडसरापुढे बसून राहिले. पावसाळ्यात पूर आला, तरी ते पाण्यात उभे राहिले. पोलिसांना मात्र होड्यांतून पहारा करावा लागला! सवर्णांनीही पायी यात्रा काढून, २५,००० हून अधिक सह्यांचे निवेदन महाराणींस सादर केले. फेब्रुवारी १९२५ मध्ये विधिमंडळात ठराव २१ विरुद्ध २२ मतांनी पडला, तरी कोणी हात उगारला नाही. अखेर नोव्हेंबर १९२५ मध्ये तीन बाजूंचे रस्ते सर्वांस खुले झाले. पूर्वेकडील रस्ता व देऊळ यांसाठी १९३६ सालच्या मंदिरप्रवेशाच्या जाहीरनाम्याची वाट पाहावी लागली. तेथे रस्ता रूढीने अडविला होता. सत्याग्रहींनी तो मोकळा केला.

याच्या उलट प्रसंग निपाणीचा. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. मागणी खरी होती आणि व्यापाऱ्यांपुढे ते हतबल होते. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला व बारा शेतकरी प्राणास मुकले. त्या मृत्यूंचा दोष रस्त्यावर बसलेल्या गरिबांवर लादणे अन्यायाचे होईल. तथापि त्या मार्गाने जाणारा प्रवासी तंबाखूचा भाव ठरवीत नव्हता, हेही विसरता येत नाही.

शांततेने एकत्र जमण्याचा हक्क घटनेने नागरिकांस दिला आहे. दिल्लीतील शाहीनबागच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयानेही ७ ऑक्टोबर २०२० रोजी निषेधाचा हक्क मान्य केला. मात्र सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापून ठेवता येणार नाही, असे बजावले.

म्हणून आमचे मत असे : अर्ज, शिष्टमंडळे, सभा हे सर्व उपाय थकल्यावर, आगाऊ सूचना देऊन, घटकाभरच रस्त्यावर बसणे क्षम्य होय. रुग्णाची गाडी, बाळंतीण व परीक्षेस निघालेले मूल यांना प्रथम वाट द्यावी. क्लेश सोसायचे ते आपण, वाटसरूने नव्हे. ज्या देशात एके काळी कित्येकांस रस्त्यावरून चालण्यासाठीही झगडावे लागले, तेथे दुसऱ्याची वाट अडविण्यापूर्वी तरुणांनी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.