सात रुपयांचं युनिट: एन्रॉनचा करार वाचताना

संशोधनाचा विषय म्हणून 'विजेचं खासगीकरण आणि लोकांचा असंतोष' असं काही वहीत लिहून ठेवलं असेल, तर सगळ्यात आधी त्या 'खासगीकरण' शब्दाचे तुकडे करा. आपल्याकडे या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या व्यवस्था येतात. खासगी कंपनी वीज बनवते आणि सरकारी मंडळाला विकते, ही एक. मुंबईच्या उपनगरांसारखं वितरणाचा परवानाच कंपनीकडे असतो, ही दुसरी. आणि भिवंडीसारखं, परवाना सरकारी कंपनीचा पण बिलं, वसुली, देखभाल सगळं फ्रँचायझीकडे, ही तिसरी. वाढीव बिलाचा राग तिन्हीकडे सारखाच दिसतो, पण तो पैसा कुठल्या वाटेने वाढला, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. या पोस्टमध्ये मी मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल लिहिणार आहे, कारण महाराष्ट्रात विजेबद्दलचा संशय जिथून सुरू झाला ते प्रकरण त्यातलं आहे: दाभोळ, म्हणजेच एन्रॉन.

(जाता जाता: प्रकल्प दाभोळला नाहीच. दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. जुनी कात्रणं शोधताना दोन्ही तालुके शोधा, नाहीतर अर्धी सामग्री हातातून जाते.)

घटनाक्रम थोडक्यात सांगतो, तो कुठेही मिळेल. १९९१ मध्ये वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी भांडवलाला खुली झाली. जून १९९२ मध्ये एन्रॉनबरोबर सामंजस्य करार झाला, तोही निविदा न मागवता. १९९३ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. आयात वायूवरची ही महाग वीज दिवसभर घ्यावी लागेल, आणि त्यासाठी मंडळाला आपली स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल, असा त्यांचा आक्षेप होता. तरीही ८ डिसेंबर १९९३ ला राज्य वीज मंडळाने वीज खरेदी करार केला. मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी, आणि राज्याने थकवले तर केंद्राची प्रतिहमी. १९९५ च्या निवडणुकीत युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा केली. सत्तेत आल्यावर मुंडे समितीच्या अहवालानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्दही केला. आणि जानेवारी १९९६ पर्यंत फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला, तोही आधीपेक्षा मोठा, एकूण २१८४ मेगावॅटचा. आधीच्या करारात दुसरा टप्पा ऐच्छिक होता, नव्यात तो बंधनकारक झाला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महागडं वाक्य हेच, पण राजकीय इतिहास लिहिणारे बरेचदा ते ओलांडून कोण कोणाला भेटलं याकडे जातात.

पहिला टप्पा, ७४० मेगावॅट, मे १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला. आणि मग दोनेक वर्षांत तो आकडा आला जो अजून लोकांच्या तोंडी आहे: एन्रॉनची वीज सात रुपयांच्या वर. काही महिन्यांत दर खरोखरच तिथे गेला होता. पण त्या आकड्याचा अर्थ काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मी विज्ञानाकडून आलोय, त्यामुळे मला आधी भागाकार दिसतो. 'प्रति युनिट दर' ही मोजलेली गोष्ट नाही, ते गुणोत्तर आहे. वर एकूण बिल, खाली घेतलेली युनिटं. आता बिलाचे दोन भाग करा. एक इंधनाचा, जेवढी वीज घ्याल तेवढा. दुसरा स्थिर आकार: संयंत्र तयार उभं आहे याचे पैसे, वीज घेतली नाही तरी द्यायचे. दाभोळच्या करारात हा दुसरा भाग मोठा होता आणि त्याचा बराचसा हिशेब डॉलरमध्ये होता.

खेळातले आकडे घेऊ, खरे नाहीत, सोयीचे आहेत. समजा ७०० मेगावॅटचं संयंत्र महिनाभर पूर्ण चाललं तर साधारण ५० कोटी युनिट वीज होते. स्थिर आकार महिन्याला १०० कोटी रुपये, इंधन युनिटला २ रुपये. सगळी वीज घेतली तर बिल २०० कोटी, दर ४ रुपये. आता मंडळाने फक्त २० कोटी युनिट घेतली. बिल १०० अधिक ४०, म्हणजे १४० कोटी. दर? ७ रुपये.

बघा काय झालं. बिल ६० कोटींनी कमी झालं आणि दर जवळजवळ दुप्पट झाला. मंडळाकडे युनिटला दीड रुपया इंधनखर्चाचा स्वतःचा कोळशाचा संच रिकामा असेल, तर दाभोळकडून कमी घेणं हाच शहाणपणा होता. नव्या राज्य वीज नियामक आयोगाचंही म्हणणं होतं की स्वस्त वीज आधी घ्या. पण जितकं शहाणपणाने वागावं तितका दाभोळचा दर पेपरात भयंकर दिसायचा. कंपनी म्हणायची, तुम्ही पूर्ण वीज घेत नाही म्हणून महाग पडते. विरोधक म्हणायचे, वीज महाग आहे म्हणून घेत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांचं भांडण छेदातल्या आकड्यावर होतं. नाफ्ता महागला आणि रुपया घसरला (करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४६ च्या पुढे), त्यामुळे अंशही फुगला, ते वेगळंच.

म्हणजे खरा प्रश्न दराचा नव्हता. मागणीचा अंदाज चुकला तर पैसे कोण भरणार, इंधन महागलं तर कोण, रुपया पडला तर कोण? करारात या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं: मंडळ, म्हणजे शेवटी ग्राहक नाहीतर करदाता. पुण्याच्या 'प्रयास' गटाने १९९५ मध्येच कराराचं तांत्रिक-आर्थिक विश्लेषण करून हे दाखवलं होतं. तेव्हा करार गोपनीय मानला जात होता, हे लक्षात ठेवून ते वाचा. त्याच काळात गुहागरमधला विरोध वेगळ्या मुद्द्यांवर चालू होता: जमीन, पाणी, मासेमारी, आणि १९९७ मधली वेलदूरची पोलिस कारवाई. मुंबई-पुण्याच्या कागदपत्रांत हा विरोध दराच्या वादाखाली दबून जातो. तुमच्यापैकी कोणाला स्थानिक इतिहासात रस असेल, तर तिथे काम अजून बाकी आहे.

मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि संयंत्र बंद पडलं. त्याआधी एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीचा अहवाल आला होता, त्यात शासनव्यवस्थेच्या अपयशावर स्पष्ट बोट ठेवलेलं आहे. डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

इथे बहुतेक लेख संपतात. मला वाटतं, ते चार वर्षं आधी संपतात.

कारण पुढे काय झालं? २००३ चा वीज कायदा आला, जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या. आणि त्याच सुमारास राज्य अंधारात गेलं. तूट हजारो मेगावॅटची. खेड्यात बारा-बारा तास भारनियमन, शेतीपंपाला रात्रीची वीज, म्हणजे विंचू-सापाची भीती घेऊन रात्री दोनला मोटर चालू करायला जायचं. महावितरणच्या कार्यालयांवर मोर्चे, तोडफोड. पाच वर्षांपूर्वी जी वीज नको म्हणून पैसे भरत होतो, तिचाच तुटवडा. आणि २१८४ मेगावॅटचा तो प्रकल्प गुहागरला बंद उभा.

लोकांच्या आठवणीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: 'खासगी म्हणजे महाग' आणि 'सरकारी म्हणजे अंधार'. मी त्या एकच गोष्ट म्हणून वाचतो. दाभोळने मंडळाचा पैसा खाल्ला आणि नव्या प्रकल्पांना हात घालण्याची हिंमतही. एवढी वीज येणारच आहे असं धरून बाकी क्षमतावाढ मागे पडली, आणि मग ती वीजही गेली. हा माझा तर्क आहे. तो तपासायचा तर १९९६ ते २००५ मधले मंडळाचे मागणीचे अंदाज आणि प्रत्यक्षात कार्यान्वित झालेले संच शेजारीशेजारी मांडावे लागतील.

भारनियमनाची वाटणीही बघण्यासारखी आहे. गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त, अशी गटवारी झाली. म्हणजे नियमित बिल भरणाऱ्यालाही शेजारच्या आकड्याची शिक्षा. पुण्यात २००६ मध्ये कारखान्यांची स्वतःची जनित्रं वापरून शहर भारनियमनातून सुटलं, आणि त्यासाठी ग्राहकांच्या बिलात जादा आकार आला. वीज भरवशाची हवी तर वेगळे पैसे, हे बिलावर छापून आलं ते असं.

जानेवारी २००७ मध्ये भिवंडी फ्रँचायझीकडे गेली. यंत्रमागांचं गाव, निम्म्याहून जास्त विजेची वसुलीच होत नव्हती. तिथला दर आयोगाचाच, महावितरणच्या इतर ग्राहकांइतका. तरी लोक 'कंपनीने रेट वाढवले' म्हणतात. रागाचं कारण खोटं नाही, पण ते दरात नाही. बदललेल्या मीटरमध्ये, जुन्या थकबाकीत आणि धाडींमध्ये आहे. नंतर नागपूर, औरंगाबाद, जळगावलाही हा प्रयोग झाला, आणि तिन्ही ठिकाणी फ्रँचायझी गेली. एकाच राज्यात, एकाच आयोगाखाली, चार शहरं, एक टिकलं. तुलनात्मक अभ्यासाला याहून चांगली मांडणी शोधून मिळणार नाही.

सुरुवात करायची तर घरचं बिल घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क: प्रत्येक ओळीपुढे लिहा की ही रक्कम कोण ठरवतं आणि चुकल्यास कोण भरतं. मग आयोगाचे दरनिश्चितीचे आदेश काढा, मे २००० पासून. कंटाळवाणे असतात, पण जाहीर सुनावणीत ग्राहकांनी घेतलेल्या हरकती त्यातच नोंदलेल्या असतात, आणि असंतोषाचा इतका तारीखवार दस्तऐवज दुसरा नाही.

दाभोळचं संयंत्र २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सरकारी कंपन्यांच्या भागीदारीतल्या कंपनीकडे गेलं, २००६ मध्ये परत सुरू झालं, मग देशातला वायू आटला आणि पुन्हा थांबलं. २०१५ च्या शेवटी रेल्वेला वीज देण्यासाठी त्याचा काही भाग चालू झाला. त्या कराराबद्दल पुढच्या पोस्टमध्ये.