तिलकनगरचा स्वयंसेवक : खानदेशातील सेवानियम आणि त्यांच्या मर्यादा

डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबाद येथे भरलेल्या काँग्रेसने स्वयंसेवक दलात दाखल होणाऱ्यांसाठी एक प्रतिज्ञापत्र संमत केले. अहिंसा, नाना धर्मीयांचे ऐक्य, खादी, अस्पृश्यतानिवारण, वरिष्ठांच्या आज्ञांचे पालन, आणि देशासाठी तुरुंगवास, मारहाण, प्रसंगी मृत्यूही सोसण्याची सिद्धता, अशी त्यातील कलमे सर्वपरिचित आहेत. या सर्वांच्या शेवटी आलेले कलम मात्र वेगळ्या जातीचे आहे. आपणास कारावास घडल्यास आपल्या कुटुंबाच्या किंवा आश्रितांच्या पोषणासाठी काँग्रेसकडे कोणतीही मागणी करणार नाही, असे स्वयंसेवकाने त्यात लिहून द्यावयाचे होते. आधीची कलमे स्वयंसेवकाचे कर्तव्य सांगतात; हे कलम संस्थेला कर्तव्यातून मोकळे करते.

याच्या सोळा वर्षे आधी, १२ जून १९०५ रोजी, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा सभासदांकडून सात प्रतिज्ञा घेतल्या जात. स्वतःसाठी द्रव्यार्जन करण्यात शक्ती वेचणार नाही आणि समाज आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत संतोष मानीन, अशी त्यांपैकी एक होती. म्हणजे त्यागाची मागणी येथेही होती, पण तिच्या दुसऱ्या अंगास संस्थेने पत्करलेला भार होता. गोखल्यांचे सेवक मूठभर होते, त्यामुळे त्यांना हे शक्य झाले, आणि १९२१ च्या काँग्रेसला हजारोंच्या संसाराची हमी घेणे अशक्य होते, हे उघड आहे. परंतु अशक्यतेची कबुली देणे वेगळे आणि ती स्वयंसेवकाच्या तोंडून प्रतिज्ञा म्हणून वदवून घेणे वेगळे. खानदेशातील स्वयंसेवकाचा इतिहास या दोन नमुन्यांच्या मधल्या जागेत घडला. जे नियमात नव्हते ते तेथे काही माणसांच्या जिव्हाळ्याने भरून काढले. आणि जिव्हाळा जेथे पोचला नाही तेथे ती जागा रिकामीच राहिली.

स्वयंसेवकाच्या वर्तनाविषयीची चिंता मात्र बरीच जुनी होती. १९०१ साली कलकत्ता येथील काँग्रेसला गेलेल्या गांधीजींचा मुक्काम रिपन कॉलेजात होता. एकाला सांगितलेले काम तो दुसऱ्यावर ढकली आणि दुसरा तिसऱ्यावर, असे तेथील स्वयंसेवकांचे वर्णन त्यांनी आत्मकथेत केले आहे. शौचकूपांची घाण दाखविली असता ते भंग्याचे काम असल्याचे उत्तर मिळाले, आणि गांधीजींनी केरसुणी मागून घेऊन आपल्यापुरती सफाई केली. पुढे सप्टेंबर १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी मोठ्या सभा-मिरवणुकांसाठी काही नियम सुचविले. नवख्या स्वयंसेवकांना मोठ्या प्रसंगी घेऊ नये, प्रत्येकाजवळ सूचनांची पुस्तिका असावी, स्वयंसेवकांनी गर्दीत विखरून उभे राहावे आणि निशाणाच्या व शिटीच्या खुणा शिकून घ्याव्यात, स्थानकात लोकांची झुंबड होऊ देऊ नये. याच यादीत लहान मुलांना अशा गर्दीत कधीही आणू नये, असाही नियम होता. अहमदाबादच्या ठरावाने वयाची मर्यादा अठरा वर्षे ठेवली ती याच विचाराला धरून होती. या नियमाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव हे पूर्व खानदेशाचे आणि धुळे हे पश्चिम खानदेशाचे ठाणे. यांपैकी पूर्व खानदेशातील यावल तालुक्यात फैजपूर येथे २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. त्याच्या नगराला तिलकनगर असे नाव दिले होते. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. शांतिनिकेतनातून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबू, चटया आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून नगराची सजावट केली. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांनी गावोगाव हिंडून माणसे व साधने उभी केली. शहरात अधिवेशन भरे तेव्हा पाणी, दिवे, रस्ते आणि मैला वाहून नेण्याची व्यवस्था नगरपालिकेची असे. फैजपुरात यांतले काहीच तयार नव्हते. लाखांच्या घरात जाणाऱ्या समुदायासाठी ते सर्व स्वयंसेवकांच्या हातांनी व्हावयाचे होते. त्यामुळे वर्तनाच्या नियमांना तेथे पहिल्यांदाच कवायतीपलीकडचा अर्थ आला. कोणते काम कोणाच्या वाट्याला यावे, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नव्हता.

सफाईच्या पथकाचे नेतृत्व अप्पासाहेब पटवर्धन यांच्याकडे होते, ही निवड योगायोगाची नव्हे. १९३२ च्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम स्वतःला मिळावे अशी मागणी केली होती. सवर्ण कैद्यास ते काम देता येत नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपोषण आरंभिले. सरकारी तुरुंगाचा जातिनिष्ठ नियम मोडू पाहणारा हा मनुष्य चार वर्षांनी काँग्रेसच्या नगरात झाडू घेऊन उभा राहिला, आणि सुशिक्षित सवर्ण तरुण त्याच्या हाताखाली मैला वाहू लागले. १९०१ च्या कलकत्त्याशी तुलना केली असता पस्तीस वर्षांत केवढे अंतर तोडले गेले याची कल्पना येते.

तरीही या प्रसंगाचे नुसते गुणगान करून थांबणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. फैजपूरच्या चौदा महिने आधी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, खानदेशाच्या सीमेजवळच येवले येथे डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली होती. पुढे १९४५ मधील आपल्या काँग्रेसविषयक ग्रंथात भंगीकामाला उदात्त ठरविणाऱ्या विचारसरणीवर त्यांनी कठोर टीका केली. जे काम जन्माने लादले जाते त्याचा गौरव करणे म्हणजे ते करणाऱ्याला तेथेच डांबून ठेवणे होय, असा तिचा रोख आहे. तिलकनगरच्या संदर्भात हा आक्षेप अधिकच स्पष्ट होतो. स्वयंसेवकाच्या हातातील झाडू अधिवेशनापुरता होता; आसपासच्या गावांत जे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत होते त्यांच्या हातातील झाडू अधिवेशन उठल्यावरही सुटला नाही. पथकाचा नियम स्वयंसेवकांच्या आपापसांतील समतेपुरता होता, आणि तेवढ्यापुरता तो प्रामाणिकही होता. पण ज्यांच्या नावाने ते काम ओळखले जाई त्यांना त्यातून कोणताच हक्क प्राप्त झाला नाही. १९२१ च्या प्रतिज्ञेतील अस्पृश्यतानिवारणाचे कलम कागदावरून उंबरठ्यापर्यंत यावयास किती काळ लागला हे पाहावयाचे असेल तर पंढरपूरकडे पाहावे. विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून दहा दिवस प्राण पणाला लावावे लागले.

फैजपूरच्या स्त्रीस्वयंसेविकांची जबाबदारी सासवड आश्रमाच्या प्रेमा कंटक यांच्यावर होती. खेड्यातील परक्या गर्दीत, रात्री-अपरात्री पहाऱ्यावर मुलींना उभे करावयाचे, तर त्यांच्या घरच्यांचा विश्वास संपादन करणे हेच पहिले काम होते. येथेही हमी देणारा छापील नियम नव्हता. प्रमुख बाईंचा शब्द हीच हमी होती.

शब्दावर आणि व्यक्तीवर विसंबण्याची ही रीत खानदेशात सर्वांत खोल रुजली ती साने गुरुजींमुळे. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाचा भार त्यांच्याकडे आला. मुलांच्या खोल्या झाडणे, कंदिलाच्या काचा पुसणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत. छात्रालयाचा नियम मुलांनी पाळावा म्हणून तो आधी आपण पाळावयाचा, असा त्यांचा परिपाठ होता. १९३० मध्ये शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले, तेव्हा हीच रीत ते स्वयंसेवकांत घेऊन आले. हाताखालच्यांवर अधिकार चालविण्याऐवजी त्यांचे कष्ट आपल्या अंगावर ओढून घेणारा नेता तरुणांना त्यांच्या रूपाने भेटला. पुढे पुस्तकांच्या मिळकतीतून गरजूंना मदत करण्याची त्यांची जी रीत सांगितली जाते, तीही याच स्वभावाचा भाग होय.

धुळ्याच्या तुरुंगात या रीतीला विचाराची बैठक मिळाली. १९३२ साली तेथे विनोबा भावे, जमनालाल बजाज, भुसावळचे वा. वि. दास्ताने, साने गुरुजी आदी मंडळी एकत्र होती. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच मुक्कामात विनोबांनी दळणकांडणाचे आणि स्वयंपाकघराचे काम राजबंद्यांनी आपणहून पत्करावे असा आग्रह धरला, तिची प्रसिद्धी तुलनेने कमी आहे. स्वयंसेवकाच्या इतिहासात मात्र तिचे मोल प्रवचनांइतकेच आहे. सरकारने १९३० पासून कैद्यांची अ, ब, क अशी वर्गवारी केली होती. शिक्षण आणि राहणी पाहून वर्ग मिळे. म्हणजे एकाच आज्ञेने, एकाच गुन्ह्यासाठी आत आलेला पुढारी आणि खेड्यातील स्वयंसेवक यांच्या ताटांत भेद पडे. वर्गांचा नियम सरकारचा होता खरा, परंतु त्याने निर्माण झालेला भेद संघटनेच्या आतला होता. जात्याचा खुंटा सर्वांनी धरल्याने तो भेद नाहीसा झाला नाही, मात्र त्याची धार बोथट झाली.

व्यक्तीच्या बळावर उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेचे उणेपण १९४२ मध्ये उघडे पडले. ९ ऑगस्टला पुढारी पकडले गेले. नियम सांगणारा आणि आवरणारा हात राहिला नाही. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तत्कालीन पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्यात मृत्यू पावले. २८ डिसेंबर १९२६ चा जन्म असलेला शिरीषकुमार त्या दिवशी सोळा वर्षांचाही नव्हता. त्याच्या धैर्याविषयी दुमत संभवत नाही, आणि गोळीची जबाबदारी ती झाडणाऱ्यांचीच आहे. तथापि लहान मुलांना गर्दीत आणू नये हा १९२० चा नियम आणि अठरा वर्षांची १९२१ ची मर्यादा या दोहोंचे काय झाले, हा प्रश्न हौतात्म्याच्या गौरवात बुडून जाऊ देणे योग्य नव्हे. चळवळ जसजशी भडकली तसतसे मुलांचे पाऊल पुढे पडणे हे कौतुकाचे ठरत गेले, आणि ज्या नियमाचा उद्देश त्यांचे रक्षण करणे हा होता त्याची आठवण करून देणे भेकडपणाचे वाटू लागले. आज्ञापालनाची कलमे मात्र कोणाच्या विस्मरणात गेली नाहीत. स्वयंसेवकाकडून घेण्याचे नियम टिकले आणि त्याला देण्याचा नियम तेवढा सुटला, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९२१ च्या शेवटच्या कलमाने सोडून दिलेला हक्क वेगळ्याच वाटेने परत आला. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना व मृतांच्या कुटुंबीयांना निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली. काँग्रेसकडे जे मागणार नाही असे लिहून दिले होते ते आता राज्याकडे अर्ज करून मागावयाचे होते. आरंभी वार्षिक उत्पन्न पाच हजार रुपयांहून अधिक नसावे अशी अट होती. १९८० मध्ये ती काढण्यात आली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. अर्जदाराने सामान्यतः किमान सहा महिन्यांचा कारावास सिद्ध करावयाचा असे. तुरुंगाचा दाखला नसेल तर त्याच काळात शिक्षा भोगलेल्या सहबंद्याचे प्रमाणपत्र लागे. ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाशी ओळख असणे पुन्हा आवश्यक झाले. फैजपूरच्या काळी मदतीसाठी जो आधार होता तोच आता पुराव्यासाठीही राहिला. फरक इतकाच की साने गुरुजी ११ जून १९५० रोजी निघून गेले होते आणि १९३० च्या फळीतील अनेक नेतेही तोवर काळाच्या पडद्याआड गेले होते.

या कसोटीत तुरुंगवासाची गणना दिवसांत होऊ शके. श्रमाची होत नसे. तिलकनगरात चर खणणारा, पाणी वाहणारा, रात्री पहारा करणारा, मैला काढणारा जो तरुण पुढे पकडला गेला नाही, त्याच्या सेवेचा एकही सरकारी कागद झाला नाही. ज्याला १९४२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली तोही सहा महिन्यांच्या रेषेअलीकडे राहिला. स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जातिजमातींच्या अर्जदारांसाठी ही मुदत पुढे तीन महिन्यांची करण्यात आली, ती या उणिवेची अंशतः कबुलीच म्हणावी लागेल. फैजपुरात १९६१ साली निघालेले महाविद्यालय धनाजी नानांचे नाव धारण करते, नंदुरबारात हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. अप्पासाहेबांच्या हाताखाली ज्यांनी झाडू धरला त्यांची नावे शोधावयाची, तर अधिवेशनाच्या अहवालापेक्षा यावल-रावेर भागातील घरांतून राहिलेली जुनी पत्रे आणि त्या घरांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी यांच्याकडेच वळावे लागते.