कापूसच काहून? : यवतमाळच्या पांढऱ्या सोन्यावरची काही पुस्तकं

बऱ्याच जणांनी विचारलं, की तू जगभरच्या विषयांवर पुस्तकं सुचवतोस, मग तुझ्या यवतमाळवर काहीच नाही का? आहे ना, भरपूर आहे. मीच टाळत होतो.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. आमचं गाव दारव्ह्याकडे, सात एकर कोरडवाहू. त्या साली बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. बाबा वही घेऊन हिशोब मांडत बसले होते. मी पुण्यात कंपन्यांसाठी डॅशबोर्ड बनवणारा माणूस, मध्येच म्हणालो, "बाबा, दरवर्षी तोटा होते, तरी तुम्ही लोक कापूसच काहून लावता?" बाबांनी वही मिटली आणि बैलांना कुटार टाकायला निघून गेले. मी जेवताना परत विषय काढला नाही. "तुम्ही लोक" हे शब्द मात्र पुण्याच्या बसमध्येही डोक्यातून गेले नाहीत. माझी फी त्याच कापसाच्या चुकाऱ्यातून भरली गेली होती.

मग मी तेच केलं जे माझ्यासारखी माणसं करतात. विचारायची लाज वाटली की पुस्तक शोधायचं. त्या एका प्रश्नासाठी वाचलेल्या पुस्तकांबद्दल आजचा भाग आहे.

सुरुवात झाली एका फुकट मिळणाऱ्या पुस्तकापासून. आल्फ्रेड लायल या इंग्रज अधिकाऱ्यानं 1870 मध्ये संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर. स्कॅन केलेली प्रत इंटरनेटवर आहे. त्यात यवतमाळ जिल्हा शोधाल तर सापडणार नाही, कारण तेव्हा या नावाचा जिल्हाच नव्हता. आपला मुलूख 'वणी' जिल्हा म्हणून ओळखला जायचा, इंग्रज त्याला 'वून' लिहायचे. यवतमाळ हे जिल्ह्याचं नाव 1905 मधलं. आणि पुस्तकाच्या नावात वऱ्हाडला म्हटलंय 'हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे'. हे 'नेमून दिलेले' काय प्रकरण आहे ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही.

तर झालं असं, की निजामाच्या राज्यात 'हैदराबाद कंटिन्जन्ट' नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. पगार थकला, कंपनीनं तो स्वतः भरून निजामाच्या नावावर कर्ज म्हणून मांडला, आणि 1853 मध्ये डलहौसीच्या काळात त्या कर्जापोटी वऱ्हाड ताब्यात घेतलं. मालकी कागदोपत्री निजामाची, वसुली इंग्रजांची. 1902 मध्ये कर्झननं करार पक्का केला. वर्षाला 25 लाख रुपये भाडं आणि वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे. आमच्याकडे ज्याला गहाण पडणं म्हणतात ते हेच. म्हणजे वऱ्हाडातला कास्तकार सावकाराकडे अडकण्याआधी अख्खं वऱ्हाड अडकलं होतं. शाळेत आम्हाला 1857 चं पाठांतर करून घेतलं, पण आपला जिल्हा कोणाच्या उधारीत गेला हे कुणी सांगितलं नाही.

लायलचं पुस्तक कुणी वाचावं? ज्याला जुन्या नोंदी चाळायला आवडतात त्यानं. माती, बाजार, जाती, महसूल सगळं आहे. पण लिहिणाऱ्याला हा मुलूख वसुलीसाठी हवा आहे, हे लक्षात ठेवून वाचायचं. "कापूसच काहून" याचं त्याच्याकडचं उत्तर सरळ आहे : काळी माती. बरोबरच आहे ते. पण काळी माती आधीही होतीच की.

दुसरं पुस्तक स्वेन बेकर्टचं 'एम्पायर ऑफ कॉटन', 2014 चं. जाडजूड आहे, पण वाचनीय. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, लिंकनच्या आरमारानं दक्षिणेकडची बंदरं अडवली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस आटला. मग जगभर शोध सुरू झाला, की आता कापूस पिकवेल कोण? या शोधात आपलं खामगाव येतं. 1867 पर्यंत भुसावळ, अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचलेली असते. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः येतो. स्वित्झर्लंडची फोल्कार्ट कंपनी तिथे खरेदीला बसते. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. आता तो मुंबई बंदराकडे वळला.

हे वाचताना मला आमच्या शकुंतलेची आठवण आली. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी, किलिक निक्सन कंपनीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली, कापसासाठीच. आजोबा त्याच गाडीनं मूर्तिजापूरला जायचे. तिला ओढणारं वाफेचं इंजिन 1921 मध्ये बनलेलं, कुठे, तर मँचेस्टरला. 1994 पर्यंत ते धावलं. लहानपणी आम्ही डिझेलवरची शकुंतला पाहिली. इतकी सावकाश, की पोरं उतरून पुन्हा चढायची. आता तीही बंद आहे. सांगायचं म्हणजे, मँचेस्टरचा आणि दारव्ह्याचा संबंध मला बेकर्टकडून कळला, पण त्याचा पुरावा आमच्या गावाशेजारून रोज शिटी मारत जात होता.

बेकर्टबद्दल तक्रार एकच. त्याचा कॅमेरा फार उंचावर आहे. खामगावची बाजारपेठ दिसते, व्यापारी दिसतो, बंडीवर बसलेला माणूस दिसत नाही.

तो माणूस थोडा जवळून पाहायचा तर लक्ष्मण सत्यांचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार', 1997 चं. प्रबंधाच्या भाषेतलं आहे, आधीच सांगतो. झोपताना वाचायचं नाही. मला ते ग्रंथालयातून मिळालं. सत्यांचं म्हणणं असं, की नुसता भाव वाढला म्हणून कापूस पसरला नाही. सारा रोख भरायचा, म्हणजे रोख देणारं पीक हवं. गावाची गायरानं आणि जंगल हातातून गेली, म्हणजे वाईट वर्षी आधार देणारं काही उरलं नाही. रोख पैसे सावकाराकडे, म्हणून पेरणीही त्याच्या सोयीनं. आणि मग 1896–97 आणि 1899–1900 चे दुष्काळ. कापसानं श्रीमंत झालेला म्हणून ज्याचं नाव घ्यायचे, त्याच वऱ्हाडात माणसं उपाशी मेली.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, सापडलं उत्तर. इंग्रजांनी लादलं. मित्रांना मोठमोठे व्हॉइस मेसेज पाठवले. इथेच गडबड झाली, आणि हा भाग करण्याचं खरं कारण हेच. पुस्तक आपल्याला आधीच आवडलेलं उत्तर देतं तेव्हा त्याच्या विरोधातलं पुस्तक लगेच वाचायला घ्यावं, नाहीतर आपण ते पुस्तक वाचलेलंच नसतं, फक्त त्याला मान डोलावलेली असते.

विरोधातलं पुस्तक म्हणजे मिशेल मॅकअल्पिन यांचं 'सब्जेक्ट टू फॅमिन', 1983. ते मुंबई इलाख्याबद्दल आहे, वऱ्हाडबद्दल नाही, तेव्हा जसंच्या तसं लावता येत नाही. पण त्या आकडे मांडून विचारतात, की नगदी पिकानं धान्य खरंच हटवलं का? त्यांच्या मते शेतकरी बाजार ओळखून, जोखीम तोलून पिकं निवडत होता, आणि रेल्वेमुळे पुढे दुष्काळात धान्य पोचू लागलं. मला सगळं पटलं नाही. रेल्वेनं धान्य येतं तसं जातंही. आणि विकत घ्यायला खिशात पैसा नसेल तर स्टेशनवर आलेल्या पोत्याचा उपयोग काय? पण एक गोष्ट टोचली. सत्यांच्या पुस्तकात माझा पणजोबा बळी आहे, मॅकअल्पिनच्या पुस्तकात तो विचार करणारा माणूस आहे. मी दिवाळीत बाबांशी बोललो तेव्हा ते विचार करत असतील, हे मी धरलंच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरच्या काळावर मी धावतं बोलतो, कारण एका भागात मावत नाही. 1972 ची कापूस एकाधिकार खरेदी, शरद जोशींची शेतकरी चळवळ (त्यासाठी भानू काळे यांचं 'अंगारवाटा' वाचा, मराठीतच आहे). 19 मार्च 1986 ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी बायको-मुलांसह जीव दिला. त्या तारखेला आजही लोक उपवास करतात. 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज आलं. त्याच वर्षी श्रीजित मिश्रांचा महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा अहवाल आला. अहवाल म्हणून सोडू नका. ज्या घरात आत्महत्या झाली ती घरं आणि जिथे झाली नाही अशी घरं शेजारी ठेवून त्यांनी तुलना केली. आमच्या कामात ज्याला कंट्रोल ग्रुप म्हणतो तेच. टीव्हीवरच्या शंभर चर्चांपेक्षा त्यातला एक तक्ता जास्त सांगतो. त्याच्या जोडीला कोटा नीलिमा यांचं 'विडोज ऑफ विदर्भ', 2018 चं, कारण सातबारा आणि कर्जाच्या या सगळ्या इतिहासात बाई फक्त 'मागे पत्नी आहे' एवढ्या ओळीपुरती येते.

आणि शेवटी जयदीप हर्डीकरांचं 'रामराव', 2021. तुम्हाला एकच घ्यायचं असेल तर हे घ्या. मी शेवटी वाचलं, तुम्ही आधी वाचा आणि मग मागे मागे जात लायलपर्यंत पोचा. आपल्याच जिल्ह्यातल्या एका कापूस उत्पादकाची गोष्ट आहे. 2014 मध्ये त्यानं कीटकनाशक प्यायलं आणि तो वाचला. वाचलेला माणूस बोलू शकतो. बाकीच्यांबद्दल दुसरे बोलतात. कोणाकडून किती घेतलं, कोणतं देणं कोणत्या देण्यानं फेडलं, हे इतक्या बारकाईनं लिहिलंय की मला बाबांची वही आठवली. यातलं उत्तर मातीचं नाही, मँचेस्टरचंही नाही. उधारी कुठे मिळते आणि माल कुठे खपतो, त्यावर पेरणी ठरते.

हे पुस्तक घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात घरी गेलो. बाबांना इंग्रजी येत नाही. रात्री अंगणात बाजेवर बसून मी वाचून मराठीत सांगत गेलो. ते ऐकत होते, मध्ये मध्ये "हाव, असंच असते" म्हणत. दोन-तीन रात्री गेल्यावर मी म्हणालो, "बाबा, तुम्हाले मागं मी विचारलं होतं..." ते म्हणाले, "माहीत हाये काय विचारलं होतं ते."

मग त्यांनी सांगितलं. तुरीत अन् सोयाबीनमध्ये डुकरं अन् रोही घुसतात, पऱ्हाटीले ते तसं तोंड लावत नाहीत. सोयाबीन एकदाच निघते, कापूस तीन-चार वेचे देते, म्हणजे पोराची फी एकदम नाही तरी थोडी थोडी भरता येते. भाव नसला तर घरात भरून ठेवता येते. पाच-दहा किलो गावातच विकून तेल-मीठ आणता येते. आणि कृषी केंद्रवाला बियाणं-खत कापसावर उधार देते, "ज्वारीवर देऊन पाय म्हणा त्याले."

मी फोनवर टिपून घेत होतो. पाच पुस्तकांतले अर्धेअधिक मुद्दे होते, आणि डुकरांचा मला वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात आठवत नव्हता.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "हे लिहिलं का त्यात, कापूस घरात भरला की रातभर अंग खाजवते म्हणून? मार्चपर्यंत आम्ही बाहेर निजतो."

मी पानं उलटून शोधत होतो, तेवढ्यात लाइट गेली.