मॉरिस मायनर : जतन आणि मालक-मंडळे

ब्रिटनमधील लोकप्रिय छोटी मोटार. रचनाकार ॲलेक इसिगोनिस. 1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती प्रथम दिसली. ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यात प्रामुख्याने तयार झालेल्या या गाडीचे उत्पादन 1971 मध्ये थांबले. तोवर सुमारे 16 लाख गाड्या बनल्या होत्या. भारतीयांच्या परिचयाची अँबॅसडर याच कंपनीच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली.

उत्पादन थांबूनही गाडी संपली नाही, याचे श्रेय तिच्या चाहत्यांचे. मॉरिस मायनर ओनर्स क्लब 1976 मध्ये स्थापन झाला. त्याच सुमारास चार्ल्स वेअर यांनी बाथ शहरात या गाड्यांच्या दुरुस्तीचे केंद्र उघडले. चांगली गाडी मोडीत काढण्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त करून वापरावी, हा त्यांचा आग्रह. तो आजही पटण्याजोगा आहे.

जतनाची खरी कसोटी ‘ट्रॅव्हलर’ या प्रकारात लागते. तिच्या मागच्या भागाची लाकडी चौकट शोभेची नसून भार पेलणारी असते. ॲश लाकडाच्या सांध्यांत पाणी मुरले की ते काळे पडून कुजते. मग कुजलेला भाग काढून नवे लाकूड बसवावे लागते, त्यावर वॉर्निशचे थर चढवावे लागतात. हे काम सुताराचे, नुसत्या मेकॅनिकचे नव्हे.

सुट्या भागांची चणचण भासू लागली तेव्हा वेअर यांनी श्रीलंकेची वाट धरली. तेथे मायनर रोजच्या वापरात होत्या आणि कुशल कारागीरही होते. पुढे बॉडीचे पत्रे तेथे घडवून ब्रिटनला पाठवले जाऊ लागले.